रुग्णांच्या आधारगटात काय सांगावे, कसे विचारावे आणि कोठे थांबावे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. आठ महिन्यांपूर्वी तुम्हाला ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे निदान झाले आणि तुम्ही त्याच आजाराच्या रुग्णांच्या आधारगटात जाऊ लागलात. तेथे नव्याने आलेल्या एका बाईंना धीर देताना या आजारावरील मेथोट्रेक्सेट या औषधाविषयी तुम्ही म्हणालात, ‘मेथोट्रेक्सेटला घाबरू नका, मला काहीसुद्धा झालेले नाही.’ दोन महिन्यांनी त्यांच्या रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स (यकृतावर ताण आल्याची खूण) वाढलेली निघाली, त्यांनी सर्वांदेखत तुम्हाला बोल लावला, आणि तेव्हापासून तुम्ही गटात गप्प बसता. अशा गटात काय सांगावे, काय विचारावे आणि दुसऱ्याला सल्ला द्यावा की नाही, असे तुमचे विचारणे आहे.

वैद्यकीय समाजकार्यकर्ती म्हणून मी गेली एकोणीस वर्षे दीर्घ आजारांच्या रुग्णांचे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे गट चालवते. तुमचा हेतू चांगला होता, याविषयी त्या बाईंनाही मनातून शंका नसावी, म्हणून हेतूची चर्चा मी करत नाही. चूक वाक्यात होती. ‘मला काही झालेले नाही’ हा तुमचा अनुभव होता आणि तो सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. ‘घाबरू नका’ हे त्यांच्या शरीराविषयीचे आश्वासन होते आणि ते देणे तुमच्या हातात नव्हते. या दोन गोष्टी आपण रोज इतक्या सहज एका दमात बोलतो, की त्यांच्यामधली सीमा कोणाच्या लक्षातही येत नाही. आधारगटात बोलण्याचे जवळजवळ सगळे शिष्टाचार त्या सीमेभोवतीच घडलेले आहेत.

गटाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी स्पष्ट असलेले बरे. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या अशा रुग्णांना दर आठवड्याला एकत्र बोलावायला सुरुवात केली, ज्यांना आरोग्यधामाचा खर्च परवडणारा नव्हता. प्रत्येक रुग्णाने आपली वही आणायची आणि तीत रोजचा ताप, विश्रांती आणि आहार यांची नोंद ठेवायची, असा त्यांचा दंडक होता. गटोपचाराच्या आरंभापैकी एक म्हणून ते वर्ग आज ओळखले जातात. मला त्यातली वही फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे ‘आता बरे वाटते’ या मोघम वाक्याला आकडा आणि तारीख जोडली जात असे. पुढे १९८९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यात स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी गटात जाणाऱ्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि न जाणाऱ्या १८.९ महिने. त्यावरून ‘गटात गेले की आयुष्य वाढते’ असा समज पसरला. मात्र २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुर्मानात फरक आढळला नाही. मनाची अस्वस्थता आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, आणि ज्या स्त्रिया सुरुवातीला अधिक खचलेल्या होत्या त्यांना त्याचा लाभ अधिक झाला. स्वतः स्पीगेल यांनी पुन्हा केलेल्या अभ्यासातही आयुष्य वाढल्याचे एकूणात दिसले नाही. म्हणून नव्या सदस्याला ‘येथे येत राहा, बरे व्हाल’ असे मी कधीही म्हणत नाही. एकटेपणा कमी होईल, इतके मात्र मी खात्रीने सांगते, आणि ते थोडे नाही.

आता औषधांविषयी बोलण्याकडे येते, कारण सर्वांत अधिक हानी तेथेच होते. एक प्रसंग सांगते; त्यातील व्यक्तींची परवानगी मी पूर्वीच घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही. संधिवाताच्या गटात एक गृहस्थ सांगत होते, ‘मी मेथोट्रेक्सेट दहा मिलिग्रॅमवर आहे आणि आता माझी बोटे पूर्ण वळतात,’ आणि त्यांनी मूठ मिटून दाखवली. माझ्या शेजारी बसलेल्या बाई मन लावून टिपून घेत होत्या. माझी नजर सहज त्यांच्या वहीकडे गेली. तेथे लिहिलेले होते, ‘मेथो, दहा, रोज सकाळी.’ रोज हा शब्द त्या गृहस्थांनी उच्चारलेलाच नव्हता. बाईंच्या घरात रक्तदाबाची, थायरॉइडची आणि कॅल्शियमची अशा सगळ्या गोळ्या रोजच्या होत्या, त्यामुळे त्यांच्या मनाने तो शब्द आपोआप भरला. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते आणि माणूस दगावूही शकतो. बाईंना डॉक्टरांनी आठवड्याला साडेसात मिलिग्रॅम लिहून दिले होते आणि त्या मनाशी ठरवत होत्या, की आपणही थोडे वाढवून पाहावे. त्या दिवशी मी सभा मध्येच थांबवली.

त्या गृहस्थांचे बोलणे खोटे नव्हते, ते अपुरे होते. तेव्हापासून आमच्या गटात औषधाचे नाव घेणाऱ्याने वाक्य पुरे करायचे, असा नियम आहे: मला कोणता आजार आहे, हे औषध केव्हापासून चालू आहे, मात्रा किती आणि किती दिवसांनी, सोबत आणखी काय घेतो, कोणत्या तपासण्या किती दिवसांनी होतात, आणि त्याच काळात माझ्या आयुष्यात दुसरे काय बदलले. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. गोळी सुरू झाली त्याच महिन्यात फिजिओथेरपी सुरू झालेली असते, रात्रपाळी सुटलेली असते किंवा सोबत काही आठवडे स्टेरॉइडही दिलेले असते, आणि सगळे श्रेय मात्र गोळीला जाते. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. ‘चौथ्या दिवशी फरक पडला’ असे कोणी सांगितले, तर तो फरक बहुधा दुसऱ्याच कशाचा असतो, आणि हे लक्षात न घेता ऐकणारा चौथ्या दिवशी निराश होतो.

हाच न्याय तपासणीच्या आकड्यांना लागू आहे. ‘माझी साखर सात आली’ असे एखाद्याने सांगितले, तर ते एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) सात टक्के असेल किंवा रक्तातील साखर सात मिलिमोल प्रतिलिटर असेल. दुसरे असेल तर ते १२६ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर होते, आणि उपाशीपोटी १२६ हा मधुमेहाच्या निदानाचाच उंबरठा आहे. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी एकके वापरतात आणि गटात माणसे कोठूनही येतात. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची गोष्ट तर अशी, की एक मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रतिलिटर. एकक न सांगता ‘ऐंशी’ असे म्हटले, तर दुसरी पद्धत वापरणाऱ्याच्या काळजात धस्स होते. आकडा सांगायचा तर एकक, तपासणीची वेळ आणि प्रयोगशाळेने दिलेली सामान्य मर्यादा, हे तिन्ही त्याच्यासोबत सांगावे.

औषध बंद केल्याचे अनुभव सुरू केल्याच्या अनुभवांपेक्षाही जपून सांगावे लागतात. ‘मी स्टेरॉइड सोडले आणि सूज उतरली’ हे ऐकून कोणी दुसऱ्या दिवशी गोळी बंद करेल, हे गृहीत धरूनच बोलावे. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असते आणि ते एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. अपस्माराच्या गोळ्या अचानक सोडल्या तर न थांबणारे झटके येऊ शकतात. तुम्ही मात्रा टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केली असेल, तर ‘सोडले’ या क्रियापदाआधी तेवढे शब्द आलेच पाहिजेत. वनस्पतिजन्य औषधांनाही यातून सूट नाही. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत घातक ठरते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, हे ‘नैसर्गिक आहे, घ्यायला हरकत नाही’ असे म्हणणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

सल्ला द्यावा का, याचे माझे उत्तर असे आहे, की मागितल्याशिवाय देऊ नये आणि मागितला तरी तो आपल्या अनुभवाच्या रूपातच द्यावा. क्रियापदाकडे लक्ष ठेवले, तर हे सहज साधते. ‘तुम्ही सकाळी चालायला जा’ याऐवजी ‘सकाळी माझे सांधे तासभर आखडलेले असतात, म्हणून मी आधी गरम पाण्याने शेकते आणि मग चालते’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याला त्यातून हवे ते घेता येते आणि नको ते सोडताना अपराधीही वाटत नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारूचे व्यसन सोडू पाहणाऱ्यांची, १९३५ मध्ये सुरू झालेली चळवळ आजही जगभर चालते. तिच्या अनेक सभांमध्ये दुसऱ्याच्या बोलण्यावर थेट शेरा मारायचा नाही, आपली पाळी आली की केवळ आपले सांगायचे, असा प्रघात आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कोरडेपणा वाटतो. पण ज्याला घरी, कामावर, नातेवाइकांत दिवसभर सगळे जण उपाय सुचवत असतात, त्याला कोणीही न टोकता पाच मिनिटे बोलता येणे म्हणजे काय, हे त्यालाच विचारावे.

सल्ला देण्याचा मोह इतका अनावर का होतो, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये असे मांडले, की स्वमदत गटात मदत घेणाऱ्याइतकाच, कधी त्याहून अधिक लाभ मदत करणाऱ्याला होतो. आजाराने ज्याचे ‘उपयोगी असणे’ हिरावून घेतलेले असते, त्याला दुसऱ्याच्या कामी आल्यावर ते परत मिळते. तुम्ही त्या बाईंना धीर दिलात तेव्हा तुम्हालाही निदानानंतर पहिल्यांदा थोडे बळ वाटले असेल, आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. मात्र त्या समाधानामुळेच समोरच्याला आत्ता काय हवे आहे, हे दिसेनासे होते. म्हणून आमच्या गटातील जुने सदस्य आधी एक प्रश्न विचारतात: ‘ऐकून घेऊ, की माझ्या वेळी काय झाले ते सांगू?’ बहुतेकांचे उत्तर ‘आज फक्त ऐका’ असे असते.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते प्रत्येक सदस्याला पाठ असावेत. केमोथेरपी चालू असलेल्या व्यक्तीला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आहे, कोणाच्या छातीत दाब येतो आहे, कोणाचे तोंड एका बाजूला वाकले आहे, अशा वेळी अनुभव सांगत बसू नये. ‘आत्ता उठा, रुग्णालयात फोन करा’ असे स्पष्ट आज्ञार्थी बोलावे. ‘आता जगून तरी काय करायचे’ असे कोणी म्हटले, तर विषय बदलू नये आणि ‘असे बोलू नये’ असे दटावूही नये. ‘जीव देण्याचे विचार मनात येतात का?’ असे थेट, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचाच दिलासा वाटतो. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि समन्वयकाला त्याच क्षणी सांगावे. हे गुपित राखण्याचे वचन कोणीही देऊ नये.

प्रश्न विचारण्याची रीतही थोडी शिकावी लागते. ‘माझा रिपोर्ट पाहा आणि सांगा, काय झाले आहे?’ हा प्रश्न गटाला विचारू नये, कारण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार तेथे कोणालाही नसतो आणि देणारे मात्र चार जण निघतात. ‘सकाळी बाटलीचे झाकण उघडत नाही, तुम्ही कसे करता?’, ‘नोकरीच्या ठिकाणी आजार केव्हा आणि कोणाला सांगितलात?’, ‘डॉक्टरांना भेटताना काय लिहून नेता?’ या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांपाशी नसतात, ती सहरुग्णांपाशीच असतात. ‘किती दिवस उरले?’ हा प्रश्न गटात आला, की मी स्टीफन जे गुल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाविषयी सांगते. १९८२ मध्ये त्यांना पोटाचा मेसोथेलिओमा (अस्तराचा एक दुर्मीळ कर्करोग) झाला, तेव्हा निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने असल्याचे त्यांनी वाचले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि उरलेल्या निम्म्यांचे आयुष्य त्यापुढे पसरलेले असते, कोणाचे थोडे, कोणाचे पुष्कळ. ते स्वतः आणखी वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये दुसऱ्या एका कर्करोगाने गेले. हे उदाहरण खोटी आशा दाखवण्यासाठी मी देत नाही. आकडा समूहाचा असतो, तो आपल्या नावावर लिहिलेला नसतो, इतकेच मला त्यातून दाखवायचे असते.

धीर देण्याच्या वाक्यांपैकी एकाविषयी मला विशेष सांगायचे आहे. मराठीत ‘निदान’ हा शब्द रोगाच्या ओळखीलाही वापरतात आणि ‘किमान’ या अर्थीही वापरतात, आणि गटात हे दोन्ही अर्थ वारंवार एकमेकांवर आदळताना मी पाहिले आहेत. एकीने मुलाच्या आजाराचे निदान सांगितले, की दुसरी म्हणते, ‘निदान लवकर तरी कळले’. तिसरा म्हणतो, ‘निदान कर्करोग तरी नाही.’ त्या आईच्या चेहऱ्यावरचा भाव मिटत जातो आणि ती ‘हो, तेही खरेच’ असे म्हणून गप्प होते. तिचे दुःख कमी झालेले नसते, ते सांगण्याची वाट तेवढी बंद झालेली असते. ‘निदान… तरी’ या घाटाचे वाक्य जिभेवर आले, की ते गिळावे, आणि ‘हे ऐकून तुम्हाला काय वाटले?’ असे विचारावे. कोणापुढे कोणी रडावे, याविषयी मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क आणि त्यांचे सहलेखक बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये एक साधी आकृती सुचवली: मध्यभागी रुग्ण, त्याभोवती एकाबाहेर एक वर्तुळे, आतल्या वर्तुळात सर्वांत जवळची माणसे, बाहेर दूरची. आधार आतल्या दिशेने द्यावा आणि आपली तक्रार बाहेरच्या दिशेने करावी. काही मराठी गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शुभंकरांच्या थकव्याला, चिडीला, क्वचित ‘हे केव्हा संपेल’ या विचारालाही जागा हवीच, पण ती शुभार्थींच्या समोर नको, म्हणून त्यांची बैठक आम्ही वेगळी घेतो.

गोपनीयतेविषयी फारसा वाद नाही, चुका मात्र होतात. नाव न घेता सांगितले, की गुप्तता पाळली, असे अनेकांना वाटते. पण ‘आमच्याकडे एक जुळ्या मुलांची आई आहे, ती शाळेत शिकवते’ एवढ्यावरून तिच्या परिसरातील कोणीही तिला ओळखेल. घरी सांगताना आपण काय शिकलो ते सांगावे, कोणाकडून शिकलो ते सांगू नये. छायाचित्रात मागे बसलेल्याचीही परवानगी लागते. आणि कोणी औषध, उपकरण किंवा उपचारपद्धती सुचवत असेल व तिच्या विक्रीतून त्याला काही मिळत असेल, तर ते त्याने पहिल्याच वाक्यात सांगावे. ते लपवलेले उघडकीस आल्यास आमच्या गटात त्या व्यक्तीला पुन्हा बोलावले जात नाही.

आनंदाची बातमी लपवू नये, फक्त तिची पूर्वसूचना द्यावी. वंध्यत्वाच्या गटात ‘मला गर्भधारणा झाल्याचे सांगायचे आहे, कोणाला बाहेर जायचे असल्यास मी थांबते’ असे एकीने म्हटले होते. दोघी उठून गेल्या आणि पंधरा मिनिटांनी परतून तिला भेटल्या. मृत्यूची बातमी समन्वयकाने द्यावी, आणि ‘झुंज हरले’ असे कोणीही म्हणू नये, कारण समोर बसलेल्यांचा आजार तोच असतो आणि उद्या कोणाची प्रकृती ढासळली, तर ती त्याची कसूर ठरते.

आता तुमच्या त्या बाईंविषयी. मेथोट्रेक्सेटवर असताना रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या नियमित करतात, त्या अशा बदलांची चाहूल वेळीच लागावी म्हणूनच. एन्झाइम्स थोडी वाढली, तर डॉक्टर अनेकदा मात्रा कमी करून किंवा काही काळ औषध थांबवून पाहतात. म्हणजे जे घडले ते तुमच्या वाक्यामुळे घडलेले नाही. तरीही हे त्यांना समजावून सांगायला जाऊ नका, ते त्यांच्या डॉक्टरांकडे राहू द्या. पुढच्या बैठकीच्या आधी, इतर लोक येण्यापूर्वी त्यांना गाठा आणि एवढेच म्हणा: ‘घाबरू नका, असे मी म्हणायला नको होते. माझ्या तपासण्या नीट येत होत्या, इतकेच मला माहीत होते, आणि तेवढेच मी सांगायला हवे होते.’ मग त्या गप्प राहिल्या तर राहू द्या, चिडल्या तर ऐकून घ्या. आणि त्यांची इच्छा दिसली, तर विचारा, की नवा रिपोर्ट केव्हा मिळणार आहे आणि तो आणायला सोबत कोणी हवे आहे का.